सोडल्याची पोच

दोष फोनच्या बाजूचा निघाला, तर फायदा सगळा तिचाच होता. नवी टीम तिच्या हाताखाली येणार होती. घरी वहिनीसमोर जरा मान ताठ करता येणार होती. पलीकडच्या टेबलावर दिवसभर शीळ घालत बसणारा तो प्राणी एकदाचा खजील झालेला बघायला मिळणार होता. आणि एक चौथा फायदा होता, तो तिने स्वतःच्याही कानावर जाऊ दिला नव्हता... दोष त्याचा निघाला, तर दुरुस्ती होईपर्यंत त्याला इथेच मुक्काम ठोकावा लागणार होता.

निर्दोष ठरला, की चालला आपल्या गावी.

खोली चाचणीची होती. दार तिजोरीसारखं जाड. ते लागलं की बाहेरच्या मोबाइलचं वारंसुद्धा आत शिरत नसे. एका बाजूला फोन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची मुलगी, मध्ये करडा पडदा. म्हणून तो फोनवाला आणि ती नेटवर्कवाली. एवढ्या ओळखीवर खोलीचं काम भागे. पडद्याचा नियम मात्र कडक. आपापला निष्कर्ष काकांच्या हातात देईपर्यंत एकमेकांच्या स्क्रीनवर नजर टाकायची नाही. काका म्हणजे खोलीचे प्रमुख. सख्खे कोणाचेच नव्हते, पण रागवायचे सगळ्यांवर सख्ख्यासारखे.

दोघांची भेट दारातच झाली होती. चाचणी सुरू करायची म्हणून ती आतून दार ओढून घेत होती, आणि नेमका तेव्हाच तो बाहेरून ओढत होता.

"सोडा ना!" ती ओरडली.

"आधी तुम्ही सोडा, मग मी सोडतो."

दोघांनी एकदमच सोडलं. दार आपलं आपण मिटलं, आणि फोनवाला सामानासकट बाहेर राहिला. त्यानंतर त्याने तिच्याशी भांडायची एकही संधी दवडली नाही.

गंमत अशी, की जोडण्यावरून त्या खोलीत कधी वाद नव्हता. वाद होता तो सोडण्यावरून. फोनचं इंटरनेटचं काम संपलं, की जोडणी सोडायची, तीही रीतसर. नेटवर्क म्हणतं, 'सोड.' फोन सोडतो आणि पोच देतो, 'सोडलं.' ती पोच आली, की नेटवर्क त्या जोडणीचं नाव पुसून टाकतं. इथे अधूनमधून ही पोच मिळतच नव्हती. नेटवर्क बिचारं पुन्हा पुन्हा विचारत बसे, तोवर फोनला नवी जोडणी मिळत नसे, आणि ज्याच्या हातात फोन, तो स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या चक्राला शिव्या घाली.

"तुमचा फोन पोच देत नाही," ती पडद्याला म्हणाली.

"देतो. अगदी मनापासून देतो. तुम्ही घेत नाही."

"माझ्याकडे काही आलेलं नाही."

"आलं असेल हो... कधी कधी समोर येऊन उभं राहिलं तरी माणसाचं लक्ष जात नाही."

ती पडद्याकडे बघून उगाचच लाजली.

"यंत्राबद्दल बोलताय ना?"

"सध्या तरी."

यंत्रं तापू नयेत म्हणून खोली बर्फासारखी थंड ठेवलेली असे. तिला शिंक आली, की पडद्यावरून एक जाकीट अलगद इकडे उतरे. "नियमात बसतं का हे?" ती विचारी. "स्क्रीन दाखवू नका म्हणालेत. जाकिटाबद्दल काही म्हणाले नाहीत." पलीकडे काका खोकत. जाकिटाला साबणाचा साधासा वास होता. तिने तो घेतला नाही असं म्हणायचं, तर आपण खोटं बोलल्यासारखं होईल.

"हा फोनवाला कोण गं?" निष्कर्ष द्यायच्या दिवशी सकाळी वहिनीने विचारलंच. "काल जेवताना सारखं त्याचंच चाललं होतं तुझं."

"त्याच्या चुका सांगत होते मी!"

"हो ना. तुझ्या दादाच्या चुका मी सांगत सुटले, तेव्हाच माझ्या आईने ओळखलं होतं."

ती पाय आपटत कामाला निघाली, आणि निष्कर्ष लिहायच्या आधी तिने आपल्या बाजूच्या नोंदी शेवटच्या म्हणून पुन्हा वाचल्या. वाचता वाचता ती परत पहिल्या नोंदीकडे गेली.

जेव्हा जेव्हा पोच हरवली होती, तेव्हा तेव्हा दोन्ही बाजूंनी सोडायची घाई एकदमच केली होती. इकडून नेटवर्क म्हणालं, 'सोड'. त्याच क्षणी तिकडून फोन म्हणाला, 'मला सोडायचंय.' अशा वेळी फोनची विनंती बाजूला ठेवायची आणि नेटवर्कने आपल्या शब्दावर टिकून पोचेची वाट बघायची, असा नियम आहे. तिचं यंत्र फोनची विनंती ऐकून आपलाच शब्द विसरत होतं. मग मागून पोच आली, की ती कोणा परक्याची समजून फेकून देत होतं.

पोच आली होती. दर वेळी आली होती. आणि यंत्राचा तो भाग तिने स्वतः लिहिला होता.

आता बघा, कळणार होतं कोणाला? तिने ओळ एकच लिहायची होती: फोनकडून पोच नाही. टीम तिची, तोही इथेच. फक्त खोटा ठरला असता तो. पडद्यापलीकडे शीळ चालू होती. ती थोडा वेळ ऐकत बसली, मग तिने लिहिलं, 'चूक नेटवर्कच्या बाजूची. माझी.' लिहून झालं, आणि छातीवरचं ओझं असं उतरलं, की काकांच्या टेबलापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली.

काकांनी वाचलं. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"ही काय थट्टा लावलीय तुम्ही दोघांनी? तो सकाळीच लिहून गेला, चूक त्याची. आता तू म्हणतेस, तुझी! या खोलीत एक कबुली मिळवायची तरी मारामार असते."

"त्याचं खोटं आहे, काका! त्याची पोच येत होती."

"मग जा, विचार त्याला. आणि तो पडदा सार. दोघांचं हातात आलं, नियम संपला."

तिने पडदा सारला. तो दचकून उभा राहिला.

"खोटं का लिहिलंत?"

"तुम्ही खरं का लिहिलंत?"

"तुमचं नाव खराब झालं असतं, म्हणून."

"झालं असतं... पण दुरुस्तीला थांबायला मिळालं असतं."

"बिघडलेलंच नाही, ते दुरुस्त काय करणार होतात?"

"सावकाश करणार होतो. अगदी सावकाश."

तिला हसू फुटलं, आणि त्यातच डोळे भरून आले. "आता तुम्ही सुटलात. जा... आज संध्याकाळीसुद्धा निघता येईल."

तो काही बोलणार, तेवढ्यात काका तिकडून गरजले, "कुठे जातोय? ज्याच्यासमोर चुकलं, त्याच्यासमोरच दुरुस्त करून दाखवायचं! तिचं नीट झाल्याशिवाय तुझा फोन इथून हलायचा नाही, आणि फोन सोडून तू नाहीस!"

दोघांनीही एकदम सुस्कारा सोडला. इतका मोठा, की यंत्रांची घरघर क्षणभर ऐकू आली नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पडद्याआडून कधीच सांगितलं असतं... पण तोंड उघडलं की काका खोकायचे."

"मलाही तू..." ती म्हणाली, आणि काका खोकले. तिने तरीही वाक्य पुरं केलं.

टीम दुसऱ्याच्या हाताखाली गेली. तो दंड तिने आनंदाने भरला. नसलेल्या चुकीची कबुली दिली म्हणून त्याच्या साहेबांनी फोनवर त्याची खरडपट्टी काढली. ती त्याने हसत ऐकून घेतली. खरा भुर्दंड बसला तो काकांना. दुरुस्ती रखडत रखडत पुरी होईपर्यंत त्यांना रोज त्याच गार खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसावं लागलं.