पंधरा किलो आणि अर्धा तास

तिसरी वीट आत गेली आणि बॅगेचा पट्टा काडकन तुटला.

निशाने शिलाई मशीनवरून मान वर केली. दुकानाच्या मधोमध एक उंच, सावळा तरुण उभा होता. एका हातात तुटलेला पट्टा, दुसऱ्या हातात चौथी वीट. पायाशी शाळेच्या दप्तराची नवीकोरी बॅग आडवी पडली होती आणि फरशीवर विटांचा लाल भुगा सांडला होता. बाहेर लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार पावसातही ओरडत होता.

"अहो पावणं! काय करालायसा हे?"

"बघालतो… पेलते का."

"विटा घालून?"

"पंधरा किलो पेलाय पायजे. दुसरी न्हाय काय एखादी? जरा दणकट?"

"दप्तरात घर बांधाय निघालायसा, आणि वर मलाच इचारताय व्हय, दुसरी हाय का म्हणून?"

तो हसला. आधी डोळ्यांनी हसला, मग सावकाश ओठांनी. आता खरं सांगायचं तर सगळा घोटाळा तिथेच झाला. पण निशाला तेव्हा ते कुठलं कळायला! तिने रागाने झाडू आणून त्याच्या हातात दिला, आणि त्याने निमूटपणे फरशी झाडून काढली.

त्याचं नाव संघर्ष. राहायला गडमुडशिंगीत, कामाला फौंड्रीत. हे सगळं त्याने झाडता झाडताच सांगितलं, आणि पंधरा किलोंचं कोडंही उलगडलं.

शाहूवाडीच्या डोंगरात एका वाडीवर मुलींचं वसतिगृह होतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिकडे गाडी जात नसे. म्हणून एका तालमीच्या लोकांनी चार वर्षांपूर्वी एक स्पर्धा काढली. पन्हाळ्यावरून निघायचं, पाठीवर पंधरा किलो शिधा घ्यायचा आणि डोंगर तुडवत दिवस मावळायच्या आत वाडी गाठायची. निघताना वजन, पोचल्यावर वजन. कमी भरलं की नाव कापलं.

"गेल्या सालाला गेलतो की मी," तो म्हणाला. "कॉलेजची बॅग घेऊन. दुसऱ्या चढाला पट्टा तुटला. मग काय, लेकरागत पोटाशी धरून चाललो. वरनं पाऊस. माझ्या वाटणीला मीठ आलतं. पोचेपातूर दीड किलो वाहून गेलं."

"मग?"

"मग काय… पोरींनी आठवडाभर अळणी आमटी खाल्ली म्हणं. तिथं माझं नावच पडलंय, अळणीमामा."

निशाला हसू आवरेना. तो मात्र गंभीर झाला. "यंदा मीठ कोरडं पोचवायचं हाय मला. नंबर न्हाय आला तरी चालंल."

बोलताना त्याने कोपऱ्यात ठेवलेलं पोतं उघडलं. आत बेळगावच्या बाजारातून आणलेला मिलिटरीचा जुना पिठ्ठू होता, जवान पाठीवर घेतात तो. खेळाच्या सामानाच्या दुकानात डोंगर चढायची झकास बॅग होती म्हणे, पण तिची किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराएवढी. निशाने पिठ्ठू हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला.

"रिकामाच चार किलो हाय. दिवसभर ह्याला वाहणार का मिठाला? कमरेला पट्टा न्हाय, सगळं ओझं खांद्यावर. आणि वास तर बघा!"

"मग बघायचं काय बॅगेत?"

"कप्पे मोजायचे न्हाईत. पट्टे बघायचे. चार बोटं रुंद, आत फोम. वजन वर, पाठीला चिकटून बसाय पायजे, न्हायतर चालताना मागं ओढतंय. कमरेला पट्टा. आणि चेन कमी. चेन पहिली दगा देती." एवढं एका दमात बोलून ती एकदम लाजली. बॅगांवर इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक तिला कधी भेटलंच नव्हतं. "मी शिवून देते. ट्रकच्या ताडपत्रीचा तुकडा हाय माझ्याकडं, पाणी आत जायचं न्हाय. पट्ट्याला भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट लावू. दोनशे ऐंशी होतील."

"आणि ह्या तुटक्या बॅगेचं?"

"ती राहू दे. तुमच्यामुळं कळलं तरी, अण्णा दोरा किती हलका वापरतात ते."

आतल्या खोलीतून अण्णा, म्हणजे तिचे वडील गणपती, जोरात खाकरले.

माप घ्यायला ती स्टुलावर चढली. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत. त्याचा शर्ट पावसाने ओला होता आणि त्याला फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास होता. अठरा इंच. तिने टेप पुन्हा लावला. साडेसतरा. तिसऱ्यांदा लावला.

"बदलतंय व्हय सारखं?" त्याने मान न वळवता विचारलं.

"हलू नका… तुम्हीच हलताय."

तो जरासुद्धा हलला नव्हता.

बॅग आठवड्यात झाली. ताडपत्रीच्या हिरव्या रंगाची, एकाच तुकड्याचं बूड असलेली, देखणी म्हणावी अशी नाही, पण भक्कम. संघर्षने ती नेली, विटा भरून गडमुडशिंगीच्या माळावर रोज पहाटे चालला, आणि पुढच्या रविवारी तक्रार घेऊन हजर. डावा पट्टा घासतोय. तिने पट्टा आत घेतला. त्याच्या पुढच्या रविवारी बक्कल वाकलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी कमरेचा पट्टा सैल. दर वेळी काम अर्ध्या तासाचं. तेवढा अर्धा तास तो स्टुलावर बसे, चहा पिई आणि फौंड्रीतल्या भट्टीपासून वसतिगृहातल्या त्या खवचट पोरींपर्यंत सगळं सांगत राही. निशाचे हात मशीनवर आणि कान त्याच्याकडे. कधी तिने वर बघितलं की तो नेमका चहात बघत असे, आणि तिने मान खाली घातली की… तिला न बघताही कळायचं.

आणि मग सोमवार उजाडायचा. सोमवार ते शनिवार नुसते ढकलायचे. ती टिपा घालायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, अण्णांना जेवायला वाढायची, आणि मनात एकच हिशोब चालायचा, आणखी किती दिवस राहिले. त्याची आठवण यायला काही निमित्त लागत नसे. ओल्या रस्त्यावरून त्याच्या सायकलसारखी एखादी सायकल घसरत थांबली तरी तिचा हात मशीनच्या चाकावर थांबे. बोलायचं तरी काय? तो गिऱ्हाईक. बॅग झाली तरी येत जा, असं गिऱ्हाइकाला कुठली मुलगी सांगते?

सहाव्या रविवारी तो आला तो हसतच.

"एक नंबर झाली बघा. आता काय म्हणून तक्रार न्हाय."

 स्पर्धेला दोन आठवडे होते. बॅग घेऊन तो गेला की गेलाच.

"ठेवून जावा," ती घाईने म्हणाली. "एक… शेवटची टीप राहिलीय. पुढच्या रविवारी न्या."

तो जरा घुटमळला. "पुढच्या रविवारी? नक्की?"

"नक्की."

दुपारी दुकानात कुणी नसताना तिने बॅग मांडीवर घेतली. डाव्या पट्ट्याचा खालचा सांधा तिने स्वतःच चौकोनी टीप घालून, मधे फुली मारून पक्का केला होता. हत्तीने ओढला तरी निघाला नसता. अर्ध्या ब्लेडने तिने ती फुली उसवली, मग चौकोन उसवला, आणि पांढऱ्या धावदोऱ्याचे चार टाके घालून पट्टा नुसता अडकवून ठेवला. रविवारी तो येईल, मग म्हणायचं, बसा, एवढं करून देते. अर्धा तास. फक्त अर्धाच तास हवा होता तिला, आणि त्यात ती काहीतरी बोलणार होती. काय ते अजून ठरलं नव्हतं.

शनिवारी ती कापड आणायला इचलकरंजीला गेली. संध्याकाळी परत आली तर बॅग अडकवलेली खुंटी मोकळी.

"त्यो गडमुडशिंगीचा पोरगा आलता," अण्णा म्हणाले. "पाऊस वाढणार म्हणून स्पर्धा आठवडाभर अलीकडं घेतलीया. उद्याच हाय. तुझी लई वाट बघितली त्यानं. मग मीच म्हटलं, घेऊन जा, झालीय की."

निशाने कापडाचं गाठोडं खाली टाकलं. "अण्णा… त्यो पट्टा कच्चा हाय."

"कच्चा? तुझ्या हातचा?"

 अण्णांनी चष्मा वर करून तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठले, खणातून मेण लावलेल्या दोऱ्याचं गुंडाळं, दाभण आणि मेणाचा खडा काढून तिच्यासमोर ठेवला.

"पन्हाळ्याची पहिली गाडी साडेपाचला हाय," ते म्हणाले, आणि दिवा लावायला आत गेले.

साडेपाचची गाडी सहाला सुटली आणि धुक्यातून रांगत वर चढली. निशा पोचली तेव्हा वजनकाट्यापाशी फक्त आकारामदादा होते, स्पर्धा भरवणारे जुने पैलवान, गळ्यात शिट्टी अडकवून वही मिटत होते.

"गेली की सगळी. अर्धा तास झाला. कोण पायजे?"

"संघर्ष. हिरवी बॅग."

"अळणीमामा व्हय! त्यो सगळ्यात मागं हाय. पट्टा हातानं धरून चालाय लागलाय. पळत गेलीस तर मसाईच्या पठाराच्या अलीकडं गाठशील."

निशा पळाली. चिखलात एक चप्पल रुतली, ती तिने उपसून हातात घेतली. छत्री उलटी झाली, सरळ केली. आपल्या हातचं काम आपणच नासवलं, आणि तेही ज्याच्यासाठी जीव ओतला त्याचंच. मीठ भिजलं तर? पट्टा निसटून तो उतारावर घसरला तर? रडू येत होतं, पण पळताना रडता येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

धुक्यात पुढे एक हिरवा चौकोन हलताना दिसला.

"अहो पावणं! थांबा की!"

तो वळला. तिच्याकडे बघतच राहिला. विस्कटलेले केस, हातात चप्पल, दुसऱ्या हातात छत्री.

"तुम्ही? हितं?"

"बॅग उतरवा. आधी उतरवा म्हणते ना!"

त्याने बॅग एका खडकावर ठेवली. निशाने सांध्यावरची पट्टी वर केली, आणि थबकली. तिचे चार पांढरे टाके नव्हतेच. त्या जागी सुतळीने घातलेले आडवेतिडवे, गाठींचे टाके होते.

"काल घरी वजन भरून उचलली, तर पट्टा हातात आला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीचं हसू नव्हतं. "पोत्याच्या सुईनं मीच शिवला." त्याच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. "टाके घालताना जुनी भोकं दिसली. चौकोन, मधी फुली. म्हंजे आधी पक्कं शिवलेलं हुतं, आणि मग… कुणीतरी उसवलंय."

निशाने सांध्यावरची पट्टी हळूच खाली सोडली.

"रातभर तेच डोक्यात," तो खाली बघत म्हणाला. "दर रविवारी येऊन डोकं खातोय म्हणून वैतागली असंल, असं वाटलं. तसं असंल तर सांगा. पुन्हा यायचो न्हाय मी."

धुकं दाट होत चाललं होतं. पुढच्या मंडळींचे आवाज कधीच विरले होते. आता गप्प बसलं तर हा खरंच जाईल, आणि पुन्हा येणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

"मीच उसवलं," ती म्हणाली. "तुम्ही आला की बसा म्हणायचं हुतं… एवढं शिवून देते म्हणून. अर्धा तास. तुम्ही म्हणालात तक्रार न्हाय. मग येणार कशाला तुम्ही? मला काय सुचंना. बॅग झाली की तुम्ही जाणार, हेच एक दिसालतं. तुमचं मीठ, तुमची स्पर्धा… कशाचाच विचार न्हाय केला मी. चुकलं माझं. पण वैतागून न्हाय… उलट…"

 ती दाभणात दोरा ओवायला लागली. दोरा काही ओवला जाईना.

संघर्षने तिच्या हातातून दाभण घेतलं, दोरा ओवला आणि परत दिलं. त्याची बोटं थंडगार होती.

"त्ये बक्कल," तो हळूच म्हणाला, "आपोआप वाकलं नव्हतं."

"म्हंजे?"

"पक्कडीनं वाकवलं मी. आणि पट्टा पहिल्या दिवसापासनं कधीच घासला न्हाय."

तिने वर बघितलं. या वेळी तो चहात बघू शकत नव्हता, कारण चहा नव्हता.

मग तो तिच्याशेजारी खडकावर बसला आणि बॅगेवर छत्री धरली. स्वतः दोघं भिजत होते, मीठ मात्र कोरडं. निशाने सुतळी कापली आणि एकेक टाका घट्ट ओढत चौकोन घातला. मधे फुली मारली. दाभणाच्या प्रत्येक भोकावर मेण घासलं. ती सावकाश शिवत होती, हे दोघांनाही कळत होतं, आणि कुणीच घाई केली नाही.  एवढे रविवार ज्याची वाट बघितली तो अर्धा तास हाच होता.

"आता हत्तीनं ओढला तरी निघायचा न्हाय," शेवटी ती म्हणाली.

त्याने बॅग पाठीवर घेतली. निशाने कमरेचा पट्टा पुढून आवळला, बक्कल लावलं. हात लगेच काढून घेतला नाही.

"तुम्ही शेवटचे येणार आता. माझ्यामुळं."

"मीठ पोचंल की. पोरींची आमटी तेवढी चांगली झाली पायजे." तो दोन पावलं गेला आणि थांबला. "निशा…" नावाने हाक त्याने पहिल्यांदाच मारली. "पट्टा पक्का झाला. बक्कल नवं हाय. आता पुढच्या रविवारी काय तक्रार घेऊन येऊ मी?"

पठारावरून वारा आला आणि तिच्या हातातली छत्री पुन्हा उलटी झाली. तिने ती सरळ केली नाही.

"तक्रार नको," ती म्हणाली. "बॅग घरी ठेवा, आणि या."