पेवातली हाक

या, जरा जवळ सरका. टाळ वाजायला अजून वेळ आहे, तोवर एक प्रेमाची गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला, तर बाजूच्याचा हात धरा.

पासष्ट सालचा वैशाख. आष्ट्याची शालू हरिपूरला मावशीकडे आली होती. भर दुपारी वासरू सुटलं, त्याच्यामागं धावत ती पेवांच्या माळावर पोचली. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तिथं सुट्टीवर आलेल्या फौजी आकारामनं वासरू धरून दिलं... आणि दिलं तेव्हा तिच्याकडंच बघत राहिला.

मग वासरू रोज दुपारी सुटू लागलं. कसं, ते शालूलाच ठाऊक.

आठव्या दिवशी आकारामनं पेव उघडलं होतं, उतरायला दोर सोडला होता. उद्या त्याला पलटणीत जायचं होतं. त्यानं पहिल्या बोटावर मधलं बोट चढवून दाखवलं. "आमचं साहेब ह्याला 'फिंगर्स क्रॉस्ड' म्हणत्यात." मॅच असो की परीक्षा, मनासारखं घडावं म्हणून बोटं अशी धरायची, पण बोलायचं ते दोस्तांत, अर्जात लिहिलं तर साहेब हसंल, असंही त्यानं समजावलं. देवाला हात जोडायचे सोडून बोटं कशाला पिळायची, असं शालूनं विचारलं.

"तू मला व्हय म्हणावंस म्हणून मी धरल्यात. तूबी धर, दोनी हातांची."

"आन् न्हाई म्हणायचं असलं तर?"

"तर सोड. कंदील आणस्तवर ठरीव."

पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात. तो विझला, तर आतली हवा विषारी, उतरला की मरण. आकाराम घराकडं वळला. शालूनं बोटं धरली — आणि खालून हाक आली.

"शालू... ये खाली. दोर धर."

आवाज आकारामचाच. खालून गार वारा आला, हळदीच्या वासाचा. तिचा पाय काठावर गेला, हात दोराकडं गेले. पण दोर धरायचा तर बोटं सोडायची, म्हणजे त्याला न्हाई म्हणायचं... ते काही तिच्यानं होईना.

"अगं, काठावर काय करतीस?"

आकाराम पाठीमागं उभा होता, हातात कंदील.

त्यानं तिला मागं ओढलं, कंदील खाली सोडला. पुरुषभर खोलीवर ज्योत निळी झाली, विझली.

"तुमीच बोलावलंत," ती म्हणाली.

"मी आत्ता येतोय."

मग शालूनं हात पुढं केले. "मी सोडली न्हाईत. आता तुमी सोडवा."

त्यानं एकेक बोट हळूच सोडवलं.

संध्याकाळी त्याच्या वडिलांनी, आबांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी एक परगावचा मजूर कंदील न सोडता त्या पेवात उतरला, तो वर आलाच नाही. त्याचं नाव-गाव कुणी विचारलं नव्हतं. मायेच्या माणसाच्या आवाजात तो हाक मारतो, म्हणतात.

आकाराम लढाईवरून परतला, दोघांचं लगीन झालं, पेव मातीनं बुजवलं. तुम्ही मात्र आज आरती झाली की त्या बिननावाच्या गड्याची आठवण काढा, त्याच्यासाठी एकदा देवाचं नाव घ्या. त्याला वर ये म्हणून कुणी हाकच मारली नाही हो.