बर्फावरचा गुरुवार

गुरुवारी दुपारी बाहेर एकेचाळीस अंश तापमान होतं आणि आत, बर्फाच्या मैदानाशेजारी, अक्षरा दोन स्वेटर घालून कुडकुडत होती. गुणफलकाची बटणं दाबायचं काम तिच्याकडे होतं. दर ऑक्टोबरात, आपला हंगाम सुरू व्हायच्या आधी, स्वीडन आणि फिनलंडचे क्लब हात मोकळे करायला कुवेतला येत आणि चार दिवस इथे बँडीची स्पर्धा रंगे. बँडी म्हणजे बर्फावरची हॉकीच म्हणा ना. फक्त चकतीऐवजी नारिंगी चेंडू, आणि गोलरक्षकाच्या हातात काठी नाही. जे अडवायचं ते हातापायांनी.

पाहुण्यांचा मार खायला इथल्या मराठी मंडळींचाही एक संघ होता — सह्याद्री. त्याचे प्रशिक्षक म्हणजे अक्षराचे बाबा, सदानंद. त्यांना स्वतःला स्केट्सवर उभंही राहता येत नसे. बँकेतून थेट यायचे आणि टाय न काढता कडेला उभे राहून ओरडायचे. सहा वर्षांत संघाने एकही गोल केला नव्हता. बाबा दरवर्षी म्हणत, "यंदा बघ."

आणि गोलात होता अफताब. मूळचा दापोलीचा, इथे कुवेतच्या सलवा भागात एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. आयुष्यभर क्रिकेटमध्ये यष्टीरक्षण केलेला.

त्याची आणि अक्षराची ओळख मागच्या वर्षीच्या स्पर्धेत झाली, तीही कशी! स्वीडिश खेळाडूचा सणसणीत फटका त्याने एका हातात झेलला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि मग, झेल घेतल्यावर यष्टीरक्षक करतो तेच त्याने केलं — चेंडू आनंदाने उंच उडवला आणि हात पसरून सोबत्यांना मिठी मारायला धावला. मागे चेंडू बर्फावर पडला, दोन टप्पे घेत शांतपणे गोलात शिरला. बाबांनी तोंड टायमध्ये लपवलं.

सामन्यानंतर तो गुणफलकापाशी आला. भुवयांवर बर्फाचा चुरा, कान लालभडक.

"ओ मॅडम... तो गोल माझ्या नावावर लावू नका ना."

"मग कोणाच्या लावू? गुरुत्वाकर्षणाच्या?"

तो हसला. त्या हसण्यानेच खरं तर पुढचं सगळं बिघडवलं. नंतर वर्षभर जाब्रिया भागातल्या ज्या दवाखान्यात ती दातांची डॉक्टर होती, तिथला एसी फारच वेळा बिघडू लागला.

आज मात्र सह्याद्रीने फिनलंडच्या संघाकडून नऊ-एक असा मार खाल्ला होता. एक! सहा वर्षांतला पहिला गोल. बाबा प्रत्येकाच्या पाठीवर थापा मारत फिरत होते.

पाण्याच्या मशीनपाशी अफताब तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आज आपलं सांगणार होतीस सरांना."

"उद्या शेवटचा सामना आहे. आज सांगितलं तर तुला गोलातून काढतील."

"आणि घरातून?"

"आधी घरात घेऊ देत, मग काढतील!"

तो हसला नाही. हातमोज्याचा पट्टा सोडत म्हणाला, "माझं नाव ऐकून गप्प होतील, असं वाटतं ना तुला?"

"बाबा गप्प होत नाहीत रे... तीच तर अडचण आहे." मग हळूच, "संध्याकाळी सांगते. गाडीत. नक्की."

बाहेर पडताच दोघांच्याही चष्म्यांवर वाफ धरली. काही क्षण कुणालाच काही दिसत नव्हतं, तेवढ्यात त्याने तिचं बोट धरलं आणि सोडलं.

गाडीत बाबा फिनलंडच्या बचावफळीबद्दल बोलत राहिले. मग एका सिग्नलला थांबले.

"अफताब आज बरा खेळला," ते म्हणाले. "पोरगा चांगला आहे. पण रेषेला चिकटून राहतो. दोन पावलं पुढे यायला हवं त्याने."

"बाबा—"

"काय गं?"

"...सिग्नल सुटला."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. बाबांनी गिअर टाकला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बाबा ओट्यापाशी उभे राहून संघासाठी थर्मासमध्ये चहा भरत होते. अक्षरा दाराशी बुटाची नाडी बांधत होती. काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि आई, सुजाता, तिच्या नावाने ओरडली.

त्यानंतरच्या गोष्टी अक्षराला क्रमाने आठवत नाहीत. जाब्रियाच्या रुग्णालयात डॉक्टर "आय अ‍ॅम सॉरी" म्हणाले, तेव्हा आपण "थँक यू" म्हणालो, एवढं आठवतं. आपल्या एकाच पायात बूट होता. तिने अफताबला फोन लावला आणि विचारलं, "मॅच किती वाजता आहे?"

"दहाला. का गं? सर कुठे पोचलेत?"

"बाबा गेले," ती म्हणाली. म्हणजे कुठे, हे तिचं तिलाच कळेना.

तो वीस मिनिटांत आला, पायांना पॅड तसेच बांधलेले. त्यांवरचं बर्फ वितळून फरशीवर पाणी गळत होतं. अक्षरा त्या पाण्याकडे बघत राहिली. "पुसायला हवं," ती म्हणाली. "कोणीतरी घसरेल." तो खाली बसला आणि खिशातल्या रुमालाने फरशी पुसू लागला. एकदाही 'रडू नकोस' म्हणाला नाही. तसंही ती रडत नव्हतीच.

बाबांना पुण्याला न्यायचं ठरलं. तीन दिवस अफताब कागदांमागे धावला. त्याला अरबी येत होतं, आईला आणि तिला येत नव्हतं. दाखला, शिक्का, दूतावास, विमानाची जागा. संध्याकाळी दारात उभा राहून आईला म्हणे, "काकू, आज एवढं झालं. उद्या एवढं राहिलंय." आत ये म्हटलं तरी उंबरा ओलांडत नसे. अक्षराशी डोळ्यांनीसुद्धा बोलत नसे. बाबांना कळलं नव्हतं, मग इतरांना कशाला कळावं, असं त्याने मनाशी ठरवलं असावं.

सोमवारी शवागारात, पेटी बंद करण्याआधी, शेवटचं दर्शन होतं. बँकेतली माणसं आली. सह्याद्रीची सगळी मुलं आली. परत निघालेल्या स्वीडिश संघातले चौघे विमानतळावर जाता जाता आले आणि टोप्या काढून रांगेत उभे राहिले. बाबांचा चेहरा नीट भांग पाडलेला. त्यांनी कधीच असा भांग पाडला नव्हता. अक्षराला ते सारखं दुरुस्त करावंसं वाटत होतं.

तिथला माणूस हिंदीत म्हणाला, "अब सिर्फ घरवाले रुकेंगे."

लोक हलले. अफताबनेही बाबांना हात जोडले आणि दाराकडे वळला.

"थांब," अक्षरा म्हणाली. इतक्या मोठ्याने की जाणारेही थबकले. "तू नको जाऊस."

आईने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ. मग ती पेटीच्या बाजूने सरकली आणि एक माणूस उभा राहील एवढी जागा केली.

तो आला. अक्षराने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला आणि त्या विचित्र भांगाकडे बघत बोलायला सुरुवात केली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटत होता.

"बाबा, माझं अफताबवर प्रेम आहे. वर्ष झालं. मला याच्याशी लग्न करायचंय. तू चिडला असतास, नाही म्हणाला असतास, तरी चाललं असतं रे. मी भांडले असते तुझ्याशी... पण तू काय म्हणाला असतास, ते मला ऐकायचं होतं."