प्रेमिलाताईची केस

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर वाचू नका, पण खाली 'किती फेकता' असं लिहायला येऊ नका. जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी आतेबहीण आहे. तिने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

नागपूर. मागच्या वर्षीचा मे महिना.

आणि वेळ... रात्रीची नाही. भरदुपारची.

मे महिन्यातली नागपूरची दुपार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना काही सांगायला नको. दारंखिडक्या बंद, घरोघरी कूलर चालू, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. या शहरात रात्रीपेक्षा दुपारच जास्त सुनसान असते.

माझ्या या बहिणीचं नाव चारुशीला. आम्ही चारूताई म्हणतो. लहानपणी ज्या चिंचेखालून जायला आम्ही पोरं घाबरायचो, त्याच चिंचेवर चढून ही चिंचा पाडायची. वरून आमच्या डोक्यावर नेम धरायची ते वेगळं. असली बाई भुताची गोष्ट रचून सांगणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

चारूताईने बरीच वर्षं ॲम्ब्युलन्सवर काम केलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा उमरेड रोडच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये ती शिकवायला लागली. सेंटरचं नाव सांगत नाही. ॲम्ब्युलन्सवर जाणाऱ्या पोरापोरींना तिथे तयार करतात. जिवंत माणसावर हात बसवता येत नाही, म्हणून तिथे रबराचं माणूस आहे. साधंसुधं बाहुलं नाही. त्याची छाती श्वासाने वरखाली होते, मानेला नाडी लागते, पापण्या हलतात. छातीवर बरोबर दाब पडला की आतून 'टक' असा आवाज येतो.

काचेच्या पलीकडे मुकुंद नावाचा ऑपरेटर कॉम्प्युटर घेऊन बसतो. पेशंट जगवायचा की मारायचा, ते बटण त्याच्याकडे. पेशंटला बोलायचं असेल तर माइकवरून आवाज चारूताई देते.

ताईला या कामाचा भारी नाद. बिटाच्या पाण्यात साखरेचा पाक घालून ती रक्त करायची. भिजवलेल्या साबुदाण्याने भाजल्याचे फोड करायची. पोरं पहिल्यांदा ते पाहून तोंड दाबून बाहेर पळायची आणि ही खूश.

"आताच उलट्या करून घ्या," म्हणायची, "गाडीत नका करू."

या नादातच तिच्या हातून ती चूक झाली.

एक केस तिने स्वतःच्या आठवणीतून बसवली. सक्करदऱ्याची एक बाई होती, प्रेमिला. दुपारी गॅसवर दूध ठेवलं आणि छातीत कळ येऊन खाली पडली. शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडीत ताईच तिच्यापाशी होती.

बाई शेवटचं एवढंच बोलली...

"काजल... दूध पाह्य वं... उतू जाईन."

काजल म्हणजे तिची मुलगी.

मग बाईचा श्वास थांबला. दवाखाना येईपर्यंत ताईने छाती दाबली. जे करायला हवं ते सगळं केलं. बाई वाचली नाही.

सगळं बरोबर करूनही पेशंट जातो, हे पोरांना आधीच कळावं, म्हणून ताईला ही केस शिकवायची होती. मुकुंदला सांगूनच ठेवलं होतं. पोरं काहीही करोत, शेवटी बाई मरणार.

पण रबरासाठी जीव तोडून कोण धडपडणार? पोरं हसत-खिदळत दाबायची. मग ताईने बाहुलीला हिरवी साडी नेसवली, त्या दिवशी होती तशीच. हिरव्या बांगड्या भरल्या. छोट्या शेगडीवर थोडं दूध जाळून खोलीत तो वास केला. माइकवरून तेच शब्द, त्याच आवाजात म्हटले.

आणि नाव...

अशा केसमध्ये पेशंटचं नाव बदलायचं असतं. ताईने बदललं नाही. खऱ्या नावाने हाक मारली की पोरांचे हात आपोआप जीव लावून चालतात, असं तिचं म्हणणं.

चालले. पोरं घामाने चिंब व्हायला लागली. रोज दुपारी प्रेमिलाताई पडायची. रोज पोरं तिची छाती दाबायची.

आणि रोज ती मरायची.

एका दुपारी ताईचा घसा पार बसला होता. माइक बाजूला ठेवून ती खडीसाखर चघळत होती.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला...

"काजल... दूध पाह्य वं..."

ताईने मुकुंदकडे पाहिलं. मुकुंदने ताईकडे.

त्याला वाटलं, ताईने रेकॉर्ड करून ठेवलं असेल. ताईला वाटलं, याने केलं असेल. दोघंही काही बोलले नाहीत. तेव्हाच विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं ती आता म्हणते.

पुढच्याच आठवड्यात चंपतराव आले.

चंपतराव म्हणजे त्या प्रेमिलाचा नवरा. गांधीबागेत कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडणारा साधा माणूस. हातात मोबाइल होता. अंकुश नावाच्या एका पोराने वर्गातल्या केसचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला होता. तो फिरत फिरत यांच्यापर्यंत पोहोचला. ताईने चेहरा ओळखला आणि तिला कानकोंडं झालं. हा माणूस आता शिव्या देणार, आणि द्यायलाच पाहिजेत, असं तिला वाटलं.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. समोर ठेवलेलं पाणीही घेतलं नाही.

"मॅडम, तुम्ही माह्या बायकोले रोज काहून मारून राहिले?"

ताई माफी मागायला लागली. त्यांनी मान हलवली.

"माफी नका मागू. मले एवढंच सांगा. हा वर्ग दुपारीच राहते ना? रविवारी नाही राहत?"

"नाही. रविवारी सुट्टी असते."

"हाव. रविवारी ती येत नाही."

"कोण?"

चंपतराव हातातल्या मोबाइलकडे पाहत राहिले.

"दुपारी घरी येते. दिसत नाही, पण येते. मी दुकानात राहतो, काजल घरी एकटी. पोरगी म्हणते, बाबा, आईची छाती कोणीतरी दाबून राहिलं, आईले लय दुखून राहिलं. जेवण सोडलं पोरीनं, मॅडम. दहा वर्षांची आहे. अशी किती दिवस टिकंन?"

ताईला खरं वाटलं नाही. पण राहवेना. दुसऱ्या दिवशी 'केस रोजच्यासारखीच चालव' असं सांगून तिने वर्ग मुकुंदवर सोपवला आणि ती सक्करदऱ्याला गेली.

तलावामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत काजल भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही कानांवर हात. पोरगी वाळून काडी झाली होती.

"आई येईन आता," काजल म्हणाली.

कूलर घरघरत होता.

मग लाइट गेली. कूलर थांबला. गल्लीत कुठेच काही आवाज नाही...

स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या.

आणि कुणीतरी धप्पकन खाली पडलं.

ताई उठून दारात गेली. ओटा स्वच्छ. गॅस बंद. फरशी रिकामी.

पण जळक्या दुधाचा वास येत होता...

टक.

टक. टक. टक.

रिकाम्या फरशीतून.

हा ठेका ताईने कितीतरी पोरांना शिकवला होता. तिचे ओठ आपोआप मोजायला लागले. तीस दाब... आणि थांबला. मग कुणीतरी तोंडात हवा फुंकल्यासारखा आवाज. एकदा. दोनदा.

पुन्हा टक. टक. टक.

मध्येच एक बाई कण्हली. ते कण्हणं माइकवरचं नव्हतं. ताईने ते यापूर्वी एकदाच, गाडीत ऐकलं होतं.

"सोडा ना तिले," मागून काजल रडत म्हणत होती. "सोडा ना माह्या आईले..."

आणि एकदम सगळं थांबलं.

ताईच्या हातातला फोन थरथरला. मुकुंदचा मेसेज होता.

'केस संपली ताई. पेशंट गेला.'

तुम्ही म्हणाल, मग केस बंद करायची, विषय संपला. मीही तिला तेच म्हणालो असतो. पण आयुष्यभर माणसं वाचवायला धावलेल्या बाईचा स्वभाव आडवा आला. इतक्यांदा मारलं, आता तसंच मेलेलं सोडून द्यायचं? तिला ते पटेना.

"एकदा तिले वाचवू," ती मुकुंदला म्हणाली. "वाचवू अन् मग केस बंद करू."

मुकुंदने कॉम्प्युटरमध्ये बदल केला. त्या दुपारी अंकुश छाती दाबत होता. नेहमीसारखीच सरळ रेघ आली. पोरांनी माना खाली घातल्या.

आणि स्क्रीनवर एक ठोका उमटला. मग दुसरा. बाहुलीची छाती हलली. पापण्या उघडल्या.

वर्गात टाळ्या पडल्या. अंकुश तर ओक्साबोक्शी रडला. काचेमागे ताईही रडली. जे गाडीत जमलं नव्हतं ते आज जमलं, असं तिला वाटलं. तिने साडी घडी केली, बांगड्या उतरवल्या, बाहुली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

चंपतरावांचा फोन आला. काजल जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. हसलीसुद्धा.

ताईने देवापुढे दिवा लावला. एरवी ती त्या भानगडीत पडत नाही.

जून लागला आणि चंपतराव पुन्हा आले. या वेळी उभेच राहिले.

"मॅडम... ती आता जातच नाही."

"म्हणजे?"

"पहिले दुपार सरली की निघून जात होती. आता घरातच आहे. काजल दिवसभर स्वयंपाकघरात बसते, बोलते, हसते. मी आत गेलो की चूप. बाहेर खेळाले जात नाही. काल कपडे पिशवीत भरून बसली. म्हणे, आई मले संग नेऊन राहिली."

ताईने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत.

"तिले परत मारा, मॅडम."

हे म्हणताना तो माणूस रडत होता. आपल्याच बायकोचं मरण मागायला आलेला नवरा मी तरी कधी ऐकला नव्हता. पण पोर जगवायची तर दुसरं काय मागणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं. तीच साडी, त्याच बांगड्या. वर्ग भरवला नाही, फक्त अंकुशला बोलावलं. आदल्या दिवशी ते घरी निघाले तेव्हाच ताईने चंपतरावांना बजावलं होतं.

"भाऊ, पोरीचा हात धरून बसा. काही झालं तरी सोडू नका."

मुकुंदने जुनं सेटिंग लावलं. अंकुश दाबायला लागला. टक. टक. टक. ताईने माइक उचलला, पण तिच्या तोंडून ते शब्द निघेनात.

खोलीतून कुणीच काही बोललं नाही.

फक्त एकदा, अंकुशने दाब थांबवला तेव्हा, बाहुलीचा हात बाजूला सरकला... बोटं मिटली. त्या बाहुलीच्या बोटांत मोटर नाही. तिची बोटं मिटूच शकत नाहीत.

मग सरळ रेघ.

"गेली," मुकुंद म्हणाला.

ताईने लगेच फोन लावला. तो उचलला गेला. पलीकडे नुसता कूलरचा आवाज...

"भाऊ? गेली का?"

ताईने पुन्हा विचारलं.

"हाव. गेली."

ताईने सुटकेचा श्वास टाकला.

"मॅडम... काजल दिसून नाही राहिली."

"म्हणजे? कुठे गेली?"

"हात धरला होता ना मी. माह्या हातातच होता तिचा हात. माही मूठ अजून बंदच आहे, मॅडम..."

दाराला आतून कडी होती. पोलीस आले. तलावात माणसं उतरवली. नातेवाईक पालथे घातले, उमरेडपर्यंत बसस्टँडवर फोटो लावले. पोर सापडली नाही. आजही सापडलेली नाही.

मुकुंदने नोकरी सोडली. अंकुश ॲम्ब्युलन्सवर गेलाच नाही, मोबाइलच्या दुकानात बसतो. चंपतरावांनी गांधीबागेतलं दुकान सोडलं. ते रोज दुपारी येतात आणि सेंटरच्या पायरीवर उन्हात बसून राहतात. ताई दिसली की एकच गोष्ट म्हणतात.

"एकदा जगवा तिले. पोरीले घेऊन येईन ती."

ताई आत जाते.

मी एकदा तिला विचारलं, "जगवून तर बघ. झाला तर फायदाच होईल ना?"

ती माझ्याकडे असं पाहत राहिली की मला विचारल्याचा पस्तावा झाला.

"दोघी आल्या," ती म्हणाली, "तर त्यातली जिवंत कोणती, हे मले कोण सांगीन?"

परवा उमरेडला जायचं काम निघालं होतं. दुपारची वेळ होती. मी लांबच्या रस्त्याने गेलो.