बॅटरीचं पाणी आणि सहा बरण्या

वायरमनला त्या दुपारी करायचं होतं ते इतकंच: मुख्याध्यापिकाबाईंच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी भरायचं आणि मजुरी घेऊन सुटायचं. प्रयोगशाळेत तो शिरला तो म्हणे फडकं मागायला. खरं मिळवायचं होतं तिथल्या सहायिकेला. गळक्या छतानं सहा बरण्यांच्या चिठ्ठ्या धुऊन नेल्या होत्या, आत सगळी पांढरी पूड. तीनला तपासनीस यायच्या आत बरण्या योग्य फळीवर गेल्या तर नोकरी कायम. नाहीतर राम राम.

"फडकं देते. तुमचा दिवा द्या," ती म्हणाली.

त्यानं इवलासा एलईडी, सेल, दोन वायरी काढल्या. तिनं सहा पेल्यांत नळाचं पाणी घेऊन चिमूट-चिमूट पूड विरघळवली.

"दिवा लागला तर आयनिक, वरची फळी. एकानं इलेक्ट्रॉन दिलेला, दुसऱ्यानं घेतलेला... पाण्यात पडले की दोघं सुटे, वीज वाहायला मोकळे."

"आणि दुसरे?"

"सहसंयुज, खालची फळी. त्यांचे इलेक्ट्रॉन सामाईक. विरघळले तरी एकमेकांचा हात सोडत नाहीत. मग दिवा कुठला?"

"म्हणजे संसार सुखाचा, पण अंधारात!"

ती हसली, नि चमचा हातातून निसटला.

दिवा सहाही पेल्यांत लागला. कुठे लख्ख, कुठे मिणमिण. तिनं चेहरा पाडला. "सगळ्याच आयनिक? खालची फळी काय मोकळी ठेवू?"

त्यानं मान खाजवली. "नळाच्या पाण्यात क्षार असतात. नुसत्या पाण्यातही मिणमिणेल हा." पिशवीतून कॅन निघाला. "बॅटरीचं पाणी. एकदम शुद्ध."

"बाईंचं ना ते?"

"होतं..."

या वेळी तीन पेल्यांत दिवा लागला, तीन काळेच. तीनला दोन मिनिटं असताना शेवटची बरणी फळीवर चढली.

"कॅन पिशवीतच होता," तिनं डोळे बारीक केले. "पहिल्याच पेल्याला का नाही बोललात?"

"एका पेल्यापुरतं किती थांबता आलं असतं...?"

ती फळी पुसत राहिली. मग हळूच— "शुद्ध पाण्याची बाटली माझ्याही कपाटात आहे. चार वर्षं काय झोपा काढल्या इथे?"

"अहो, मग नोकरी पणाला लावलीत?"

"घड्याळावर नजर होती माझी. रविवारी घरी या. आईला सांगून ठेवलंय."

"कधी?"

"गेल्या महिन्यात पंखा लावून गेलात... तेव्हाच."

तिला नोकरी मिळाली, त्याला रविवार. भुर्दंड पडला बाईंना: वीज गेलेली, इन्व्हर्टर कोरडा, आणि घामाघूम तपासनिसांना त्या हजेरीपटानं वारा घालत बसलेल्या.