दोन हिसके

दोन रात्री बाबांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि आता भर दुपारी, खाडीत नांगर टाकून झाल्यावरही, बोट काही त्यांना झोपू देत नव्हती.

बोट त्यांची नव्हती. दुसऱ्यांच्या शिडाच्या बोटी या बंदरातून त्या बंदरात पोचवणं, हा त्यांचा धंदा. मागच्या खेपेला सुकाणूवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली आणि मालकाची नवी कोरी बोट धक्क्याला घासत गेली. पुन्हा तसं झालं की काम बंद, हे कोणी बोललं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून या खेपेला दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली लेक सोबतीला आली होती. तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा म्हणून घरात तिला टिटवी म्हणत.

पाचच्या भरतीला निघायचं, पुढे आठ तास सलग सुकाणू. मधले चार तास झोप मिळाली तर मिळाली.

पण वारा खाडीच्या तोंडातून सरळ आत घुसत होता. बोट नाक डावीकडे वळवायची, वारा कुशीवर घेत खडकांच्या बाजूला सरकत जायची, साखळी ताणली की खाडकन थांबायची आणि मग तीच कवायत उजवीकडे. प्रत्येक खाडकनला बाबा खालच्या बाकावर उठून बसायचे.

"नांगर सुटला?"

"नाही हो बाबा. काठावरची ती टाकी आणि ती पांढरी भिंत, दोन्ही जागच्या जागी आहेत. मी बघतेय ना. झोपा तुम्ही."

"झोपा काय झोपा. पाळण्यात घातल्यासारखं हलवतेय ही मला."

मग त्यांनीच उपाय सांगितला. मागच्या बाजूला छोटं शीड लावलं की बोट वाऱ्याकडे तोंड करून गुमान उभी राहते, पण ते शीड कालच फाटलं होतं. दुसरा उपाय म्हणजे छोटा नांगर. तो नाकावरून सरळ खाली सोडायचा, तळाला नुसता टेकेल इतकाच. बोट इकडेतिकडे जाऊ लागली की तो चिखलात घासतो आणि तिचं नाक आवरून धरतो.

"मी सोडते," टिटवी म्हणाली.

"पाणी चार वाव आहे. चौथ्या गाठीला टेकेल. आणि तू जरा गप्प बसलीस ना, तर बोट निम्मी तिथेच स्थिर होईल."

इतकं बोलेपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते.

दोरीला दर वावाला, म्हणजे दोन्ही हात फैलावून होतील तेवढ्या अंतराला, एक गाठ होती. टिटवीचं अंग ठणकत होतं, तळहात सोलवटले होते, पण एकटीने करायचं पहिलंच काम, त्यामुळे उत्साह मावत नव्हता. ती गाठी मोजत दोरी सोडत गेली. एक. दोन. तीन. चार.

दोरी सैल पडली नाही.

पाच. सहा. सात. समोरच्या मोठ्या नांगराची साखळी तर चारच वावांवर टेकली होती. आठवी गाठ हातात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की दोरीचं मागचं टोक बोटीला बांधायचं राहूनच गेलंय. खालचं वजन ओढत होतं. हात भरून आले होते.

बाबांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. कोणीतरी वेळेआधी दोरी सोडल्याचा तो परिणाम. तेव्हापासून घरात एक नियम होता. काहीही दुसऱ्याच्या हाती देताना विचारायचं, 'धरलंस?' आणि 'धरलं' ऐकू आल्याशिवाय सोडायचं नाही. वाऱ्यात आवाज पोचत नसेल, तर दोन हिसके म्हणजे 'धरलं'. टिटवी हे चालायला लागल्यापासून शिकली होती. घरी मीठ मागितलं तरी हेच चालायचं.

आता दमलेल्या तोंडातून तेच बाहेर पडलं.

"धरलंस?"

दोरीला दोन हिसके बसले.

तिच्या मनात काही यायच्या आत तिची बोटं उघडली होती. सवयच तशी. दोरीचं टोक कठड्यावरून सरपटत पाण्यात गेलं.

मालकाचा नांगर बुडवला, हेच आधी तिच्या डोक्यात आलं. रडू येईल की काय असं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की मघापासून खाडकन झालेलं नाही.

बोट थांबली होती.

वारा तेवढाच होता. डोलकाठीवरचं निशाण फडफडत होतं. पलीकडे नांगरलेल्या तीन होड्या डावीकडे जात होत्या, उजवीकडे येत होत्या. ही मात्र फरशीवर ठेवलेल्या कपाटासारखी उभी होती. बाकावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

ती नाकावरून वाकून बघायला गेली. मोठ्या नांगराची साखळी सैल लोंबत होती. तिच्यावर कसलाही ताण नव्हता.

खाली बाबा घोरायला लागले होते.

उठवावं? उठवलं तर पुन्हा झोप नाही. आणि झोप नाही तर आज रात्री सुकाणूवर पुन्हा तेच. ती टाकीकडे आणि भिंतीकडे बघत बसून राहिली. चार तास. एक शब्द बोलली नाही.

पाचला बाबा उठले ते तरतरीत होऊन. "काय जादू केलीस गं? आईशपथ, मेल्यासारखा झोपलो."

"बाबा, तो छोटा नांगर ना..."

"बघितला. वर घेऊनही ठेवलास. शहाणी माझी बाय."

नांगर त्याच्या पेटीत होता. दोरी वेटोळं घालून नीट ठेवलेली. ओली.

तिने पेटीचं झाकण लावलं. इतकी दमली होती की भ्यायलाही वेगळी ताकद लागली असती. मोठा नांगर वर आला, शिडं भरली, खाडी मागे पडली. ती चहा करायला खाली गेली.

बाहेर वारा घोंगावत होता. बाबा पुढच्या शिडाकडे मान वर करून बघत होते, सुकाणूच्या दांड्यावर एक हात मागे.

"शीड जरा आवळतो. धरलंस?" त्यांनी न वळता विचारलं.

मग त्यांनी दांडा सोडला आणि ते पुढे आले. शीड आवळलं, दोरी बांधली. बोटीमागे पाण्यात उमटणारी रेघ आखल्यासारखी सरळ होती.

"झकास धरलंयस," ते वळता वळता म्हणाले. "हिसके मात्र जरा हळू दे. खांदा निखळला माझा."

टिटवी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, दोन्ही हातांत एकेक भरलेला पेला घेऊन.