बुटाला बांधलेली चिंधी

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

"मर्ल बायको टाकून पळाला." शिकार खात्याच्या गाडीतून न उतरता, काच चार बोटं खाली करून तुम्ही हे त्याच्या बायकोला, लेम्पीला सांगितलंत. आता सगळं गाव तिला टाकलेली म्हणतं.

खरं काय घडलं ते तिच्या भावानं, टौनोनं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. यात एक शब्द पदरचा नाही.

अमेरिकेच्या उत्तर टोकाचं वरचं मिशिगन. नोव्हेंबर. हरणांच्या हंगामाची शेवटची संध्याकाळ. दलदल दगडासारखी गोठलेली, वारा पडलेला.

एवढ्या थंडीत वास मरतो. माजावर आलेल्या हरिणीचं मूत बाटलीतच गोठतं. म्हणून इथले शिकारी बाटली काखेत धरून फिरतात. चिंधी त्यात भिजवायची, दोरीनं बुटाला बांधून ओढत न्यायची. वासावर नर येतो.

पण मचाणाच्या बरंच अलीकडे ती सोडून फांदीला टांगायची. नाहीतर जे येतं, ते थेट तुमच्या पायाशी येतं.

"चिंधी सोड," टौनो म्हणाला.

"हातमोजे कोण काढणार, म्हाताऱ्या?" मर्ल हसला. उरलेली बाटली त्यानं बुटावरच उपडी केली. "बघ आता, हरणं रांग लावतील!"

"लेम्पी घरात घेणार नाही तुला."

"तुझी बहीण आहे. वासाची सवय आहे तिला."

दोघं आपापल्या मचाणावर चढले. मध्ये हाकेचं अंतर.

उजेड उतरला.

आणि मग... कोणीतरी हुंगायला लागलं.

हरीण हुंगतं आणि फुर्रकन श्वास सोडतं. हे नुसतं आत घेत होतं.

आत... आत... आत...

सोडतच नव्हतं.

टौनोनं खाली पाहिलं. मर्लच्या चिंधीचा पिवळट माग बर्फावर होता. तो पलीकडच्या टोकाकडून पुसला जात होता. चाटल्यासारखा.

चाटणाऱ्याचा ठसा एकही नाही.

"मर्ल, बूट काढ! फेकून दे!"

"का रे, नवरी आली का?"

माग त्याच्या मचाणाखाली संपला.

हुंगणं थांबलं.

मर्ल हसत होता... मग हसत नव्हता.

किंकाळी नाही. फांदीसुद्धा मोडली नाही. टौनो पोचला तेव्हा मचाणावर फक्त बंदूक होती. आणि शिडीच्या पायरीवर एक बूट. लेस आवळलेली, दुहेरी गाठ तशीच. चिंधी पांढरीशुभ्र.

बूट आतून गरम होता.

खाली बर्फावर परत जाणारं एकही पाऊल नाही.

तुम्ही मात्र दलदलीत पाय घातला नाहीत. बूटही गाडीतूनच पाहिलात. तोंडातली खिमा भरलेली पेस्टी चावत म्हणालात, "पळाला." एका पायात बूट घालून? गाडी, बंदूक इथंच टाकून? शेंबड्या पोरालाही पटेल का हो हे?

त्या दिवशी टौनोच्या काखेतली बाटलीही थोडी झिरपली होती. त्यानं कोट जाळला, कातडी सोलवटेपर्यंत अंग घासलं. तरी वारा पडला की तो दार लावून बसतो. परवा कॉफी ओतता ओतता थबकला. दाराच्या फटीशी...

आत... आत...

ते राहू द्या. भुतांवर तुमचा विश्वास नाही, नसू दे.

पण तो बूट लेम्पीच्या टेबलावर आहे. गाठ अजून कोणी सोडलेली नाही. मग पाय बाहेर आला कसा, साहेब?

गाडीतून उतरा. तिच्या दारात उभं राहून सांगा, मर्ल पळाला नाही.